पडद्यावरची पाटी : इशारा की आमंत्रण?

चित्रपटकलेविषयी आजवर विपुल लेखन झाले आहे. दिग्दर्शक, नट, संगीतकार, छायालेखक या सर्वांवर ग्रंथ निघाले आहेत. परंतु मुख्य चित्रपट सुरू होण्यापूर्वी काही क्षण पडद्यावर येऊन 'हा चित्रपट कोणासाठी आहे आणि कोणासाठी नाही' हे बजावणाऱ्या पाटीकडे समीक्षकांचे लक्ष क्वचितच गेले आहे. तिला कोणी कलाकृती मानीत नाही. ती कायद्याची किंवा व्यवसायाची एक औपचारिकता, एवढीच आपली समजूत असते.

अलीकडे मात्र या पाट्यांना आठवणींचे मोल प्राप्त झाले आहे. विशेषतः अमेरिका आणि कॅनडा या देशांत, ज्यांचे बालपण 1960 ते 1990 या काळात गेले, ते प्रेक्षक त्या वेळच्या ॲनिमेशनच्या लहान लहान सूचनापटांचे मोठ्या जिव्हाळ्याने स्मरण करतात. जुनी रिळे हुडकून ती जतन करणारे हौशी संग्राहकही आहेत. ज्या सूचनेने एके काळी आपल्याला चित्रपटगृहाच्या दारातून परत पाठविले, तिच्याविषयीच उतारवयात माया वाटावी, हा मानवी मनाचा विलक्षण खेळ म्हटला पाहिजे. या मायेच्या मुळाशी नेमके काय आहे? आणि त्या सूचना आपले काम खरोखर करीत होत्या काय? मुलांना काय दाखवावे आणि काय दाखवू नये हा प्रश्न आजही घराघरांतून पडत असल्यामुळे, हा विचार केवळ स्मरणरंजनापुरता राहत नाही.

काळी पाटी आणि तिची अक्षरे

या पाटीचा उगम नीतीच्या चिंतेतून झाला नाही. तो आगीच्या भीतीतून झाला. सुरुवातीच्या काळातील फिल्म नायट्रेटची असे आणि ती चटकन पेट घेई. म्हणून ब्रिटनमध्ये 1909 साली चित्रपटगृहांना परवाना सक्तीचा करणारा कायदा झाला. परवाना देणाऱ्या स्थानिक संस्थांनी लवकरच त्याच अधिकाराचा उपयोग करून चित्रपटाच्या आशयावरही अटी घालण्यास आरंभ केला. प्रत्येक गावाचे नियम निराळे झाले तर धंदा चालायचा कसा, या विवंचनेतून चित्रपट व्यावसायिकांनी 1912 साली स्वतःच एक परिनिरीक्षण मंडळ स्थापन केले. त्याने 1913 पासून 'यू' आणि 'ए' अशी दोन अक्षरे वापरात आणली. पहिले सर्वांसाठी, दुसरे प्रामुख्याने प्रौढांसाठी. पुढे 1930 नंतरच्या दशकात भयपटांसाठी 'एच' हे अक्षर आले आणि 1951 साली केवळ प्रौढांसाठी म्हणून 'एक्स' आले.

ब्रिटिश पाटी गंभीर प्रकृतीची होती. काळ्या पार्श्वभूमीवर चित्रपटाचे नाव, अक्षर आणि खाली स्वाक्षऱ्या. तिच्यात विनोद नाही, रंगरंगोटी नाही. एखाद्या दस्तऐवजासारखी ती समोर येई आणि निघून जाई. असे असूनही तिचे काय झाले पाहा. 1955 साली हॅमर या चित्रसंस्थेने एका अंतराळविषयक भयपटाच्या नावातील 'एक्सपेरिमेंट' या शब्दाचे आद्याक्षर गाळून तो शब्द 'एक्स'पासूनच सुरू होईल अशी योजना केली. 'द क्वाटरमास एक्सपेरिमेंट' हा तो चित्रपट. मंडळाने मुलांना दूर ठेवण्यासाठी योजिलेले अक्षर निर्मात्याने जाहिरातीच्या फलकावर ठळक करून मिरविले! पुढच्याच वर्षी याच संस्थेने 'एक्स द अननोन' या नावाचा चित्रपट काढला. इशाऱ्याचे आमंत्रण कसे होते याचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण.

अर्थात खेळ करणाऱ्यांना ही युक्ती त्यापूर्वीच ठाऊक होती. 1931 सालच्या 'फ्रँकेनस्टाइन'च्या प्रारंभी एक नट पडद्याआडून पुढे येतो आणि प्रेक्षकांना सौम्य शब्दांत बजावतो की, हे दृश्य पाहून तुम्हांला धक्का बसण्याचा संभव आहे. हा इशारा ऐकून कोणी उठून गेला असेल असे वाटत नाही. उलट सर्वजण खुर्चीत सावरून बसले असतील. 1961 साली विल्यम कॅसल या निर्माता-दिग्दर्शकाने 'होमिसायडल' या चित्रपटात शेवटाच्या आधी पडद्यावर पंचेचाळीस सेकंदांचे घड्याळ दाखविले. भित्र्यांनी या वेळात निघून जावे आणि पैसे परत घ्यावेत, अशी सवलत होती. मात्र त्यासाठी 'भित्र्यांचा कोपरा' म्हणून मुद्दाम मांडलेल्या जागी सर्वांसमक्ष उभे राहावे लागे. येथे इशारा हा करमणुकीचाच एक भाग झाला होता.

नाचणारी अक्षरे, गुरगुरणारे श्वापद

अमेरिकेतील परिस्थिती निराळी होती. तेथे 1934 पासून 'प्रॉडक्शन कोड' नावाची आचारसंहिता कडकपणे अमलात होती. चित्रपट एक तर सर्वांसाठी संमत होई, नाही तर त्याला संमतीची मोहोरच मिळत नसे. वयानुसार वर्गवारी नव्हती. 1960 नंतर ही व्यवस्था ढासळत गेली. 1968 सालच्या एप्रिलमध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने अश्लीलतेच्या संदर्भात मुलांसाठी निराळा निकष लावण्याचा राज्यांचा अधिकार मान्य केला. प्रत्येक राज्याने आणि शहराने आपापले मंडळ काढण्यापेक्षा आपणच वर्गवारी करावी, असे चित्रपट उद्योगाने ठरविले. जॅक व्हॅलेंटी यांच्या नेतृत्वाखाली 1 नोव्हेंबर 1968 पासून 'जी', 'एम', 'आर' आणि 'एक्स' ही चार अक्षरे लागू झाली.

अडचण अशी झाली की, लोकांना ही अक्षरे उमगेनात. 'एम' म्हणजे 'परिपक्व प्रेक्षकांसाठी सुचविलेला'; परंतु अनेक पालकांनी तो 'आर'हूनही कडक दर्जा आहे असे मानले. म्हणून 1970 साली त्याचे 'जीपी' झाले आणि 1972 साली 'पीजी', म्हणजे पालकांच्या मार्गदर्शनाने पाहण्याजोगा. अक्षरांचा अर्थ समजावून सांगणे चित्रपटगृहांना भाग पडले आणि त्या गरजेतून आपल्या विषयाचा सूचनापट बहरला. शिकागोची फिल्मॅक ही संस्था 1919 पासून चित्रपटगृहांना सूचनांच्या आणि जाहिरातींच्या तयार फिती पुरवीत असे. तिने 1957 साली तयार करवून घेतलेली एक फीत, जिच्यात खाद्यपदार्थांच्या आकृत्या गात गात प्रेक्षकांना बाहेरच्या दालनाकडे चलण्याचा आग्रह करतात, 2000 साली अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदणीत समाविष्ट करण्यात आली. क्षुल्लक वाटणारी ही फीतही सांस्कृतिक ठेवा आहे, अशी जणू अधिकृत मान्यता मिळाली.

दर्जा सांगणाऱ्या सूचनापटांनी हीच शैली उचलली. अक्षर दुरून गरगरत येई, मोठे होत होत पडदा व्यापी; रंग भडक, संगीत उसळते. कॅनडात प्रत्येक प्रांताची वर्गवारी स्वतंत्र असल्याने तेथील तऱ्हाही निरनिराळ्या. पश्चिमेकडील ब्रिटिश कोलंबिया प्रांताने 'निर्बंधित' दर्जासाठी कूगर या तेथील रानटी श्वापदाचे चिन्ह वापरले. प्रौढांसाठीच्या चित्रपटापूर्वी ॲनिमेशनमधला हा कूगर पडद्यावर येऊन गुरगुरत असे. त्या प्रांतात वाढलेल्या एका पिढीच्या स्मृतीत तो आजही घर करून आहे.

या कूगरकडे समीक्षकाच्या दृष्टीने पाहू. कलाकृती म्हणून तो निःसंशय यशस्वी आहे. एकही शब्द वाचता न येणाऱ्या बालकालाही त्याचा आशय कळतो. थोडक्या वेळात व्यक्तिमत्त्व उभे करणे ही ॲनिमेशनची खरी शक्ती आणि ती येथे पुरेपूर दिसते. परंतु इशारा म्हणून त्याची परीक्षा केली तर मनात शंका येते. हे श्वापद नेमके कोण? दारावर बसून मुलांचे रक्षण करणारा तो पहारेकरी आहे, की आत दडलेल्या गोष्टीचेच ते प्रतीक आहे? चित्रपटात हिंसा आहे, लैंगिकता आहे, की केवळ शिवराळ भाषा आहे, याविषयी तो चकार शब्द काढीत नाही. आत काहीतरी धोक्याचे आणि म्हणूनच रोमांचक आहे, एवढेच तो सांगतो. दहा-बारा वर्षांच्या मुलाच्या मनात अशाने भीती उपजत नाही, उत्कंठा उपजते. शिवाय एक साधी गोष्ट आपण विसरतो. ही सूचना पडद्यावर येई तेव्हा तिकिटे फाटलेली असत. ज्यांना तिने अडवायचे, ते मुळात सभागृहात नसतच; आणि जे कसेबसे शिरलेले असत, त्यांच्या दृष्टीने ती विजयाची तुतारीच ठरे.

अमेरिकेतील 'एक्स'ची गतही याच मार्गाने गेली. 'मिडनाइट काउबॉय' या 'एक्स' दर्जाच्या चित्रपटाला 1969 सालचा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा ऑस्कर मिळाला. पण 1972 साली 'फ्रिट्झ द कॅट' या ॲनिमेशनपटाच्या जाहिरातीत 'एक्स' हे अक्षर भूषण म्हणून मिरविण्यात आले. या अक्षरावर उद्योगसंस्थेने मालकीहक्क नोंदविलेला नव्हता. त्यामुळे अश्लील चित्रपटांचे व्यापारी ते स्वतःच लावून घेऊ लागले. एकाचे तीन करू लागले. अखेरीस 1990 साली ते रद्द करून नवा दर्जा आणावा लागला. त्याच वर्षापासून 'आर' दर्जा का दिला, याचे कारणही थोडक्या शब्दांत देण्यास प्रारंभ झाला. कारण देणारा इशारा यावयास बावीस वर्षे लागली, ही बाब लक्षात ठेवण्यासारखी आहे.

आपल्याकडचा कागद

ब्रिटिश अमलाबरोबर हीच पद्धत आपल्याकडे आली. 1918 साली कायदा झाला, 1920 साली मुंबई, कलकत्ता, मद्रास येथे मंडळे आली. 'यू' आणि 'ए' ही अक्षरे स्वातंत्र्यानंतर, 1949 च्या दुरुस्तीने आली आणि 1952 च्या कायद्याने आजच्या व्यवस्थेचा पाया घातला. मात्र आपल्या पाटीने ना ब्रिटिशांची काळी शालीनता घेतली, ना अमेरिकेचा नाच. आपल्याकडे सरळ सरकारी दाखलाच पडद्यावर दाखविला जातो : नाव, भाषा, लांबी, रिळांची संख्या, अर्जदार, निर्माता, स्वाक्षऱ्या. हा कागद दिसताच सभागृहातील कोलाहल शमत असे आणि कोणीतरी रिळांचा आकडा मोठ्याने वाचून चित्रपट किती वेळ चालेल याचा हिशेब मांडीत असे. काटछाट झालेल्या चित्रपटाच्या दाखल्यावर त्रिकोणाची खूण असते, हे जाणकार प्रेक्षक शेजाऱ्याला आवर्जून सांगत. या कागदात कलेचा लवलेश नाही. पण ज्यांनी तो शेकडो वेळा पाहिला, त्यांच्या मनात चित्रपटाच्या आरंभाशी तो कायमचा जोडला गेला आहे.

त्या कागदावरचे एक अक्षर किती जड असू शकते, हे ख्वाजा अहमद अब्बास यांच्या प्रकरणाने दाखवून दिले. चार शहरांतील श्रीमंती आणि दारिद्र्य यांचे दर्शन घडविणाऱ्या त्यांच्या लघुपटात मुंबईच्या वेश्यावस्तीची दृश्ये होती. ती गाळल्याखेरीज 'यू' देण्यास मंडळाने नकार दिला. अब्बास सर्वोच्च न्यायालयात गेले. सुनावणीच्या दरम्यान सरकारने काटछाटीविना 'यू' देण्याचे मान्य केले. तरीही 1970 च्या निकालात न्यायालयाने पूर्वपरिनिरीक्षण वैध ठरविले आणि त्याच वेळी बजावले की, कलेला आणि अश्लीलतेला एकाच मापाने मोजता कामा नये. दारिद्र्याचे दुःख दाखविणारे दृश्य आणि वासना चाळविणारे दृश्य या दोहोंवर एकच अक्षर उमटणार असेल, तर त्या अक्षरातून पालकाने काय बोध घ्यावा? 1983 साली 'यूए' हा मधला दर्जा आला आणि निवडीचा काही भार प्रथमच अधिकृतपणे आईवडिलांच्या खांद्यावर आला.

प्रतिज्ञा आणि यादी

या इतिहासात आपल्या ख्रिस्तसभेचाही वाटा आहे आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. अमेरिकेची ती आचारसंहिता 1930 साली लिहिणाऱ्यांत डॅनियल लॉर्ड हे जेझुइट धर्मगुरू होते. 1934 पासून 'लिजन ऑफ डीसन्सी' या कॅथलिक संघटनेने चित्रपटांची स्वतःची प्रतवारी सुरू केली; तिच्या शेवटच्या टोकाला 'सी', म्हणजे 'निषिद्ध', हा शिक्का होता. दरवर्षी डिसेंबर महिन्यात चर्चमध्ये भाविक उभे राहून, वाईट चित्रपट पाहणार नाही अशी प्रतिज्ञा घेत. पोप अकरावे पायस यांनी 1936 सालच्या 'व्हिजिलांती कुरा' या विश्वपत्रात या चळवळीचे कौतुक केले आणि देशोदेशी चित्रपटांच्या याद्या प्रसिद्ध व्हाव्यात असे सुचविले. त्यामागील कळकळ खरी होती. मुलांच्या मनाची चिंता त्या काळी इतक्या संघटितपणे दुसऱ्या कोणी क्वचितच वाहिली असेल.

पण केवळ इशाऱ्यावर विसंबणाऱ्या दृष्टीची मर्यादाही येथेच उघड होते. इटालियन दिग्दर्शक व्हित्तोरिओ डी सिका यांचा 'बायसिकल थीव्ह्ज' अमेरिकेत पोहोचला तेव्हा, आचारसंहितेचे प्रमुख जोसेफ ब्रीन, जे स्वतः कॅथलिक होते, यांनी दोन किरकोळ दृश्यांपायी त्यास मोहोर नाकारली. रोबेर्तो रोसेलिनी यांच्या 'द मिरॅकल' या चित्रपटाचा लिजनने निषेध केला. पुढे 1995 साली, चित्रपटकलेच्या शताब्दीनिमित्त व्हॅटिकनच्या समाजसंपर्क मंडळाने पंचेचाळीस श्रेष्ठ चित्रपटांची यादी प्रसिद्ध केली. तीत 'बायसिकल थीव्ह्ज' होता आणि रोसेलिनींचे दोन चित्रपट होते. डिस्नेचा 'फँटेशिया' हा ॲनिमेशनपटही होता. आणि नाझींच्या छळातून ज्यूंना वाचविणाऱ्या माणसाची कथा सांगणारा 'शिंडलर्स लिस्ट' होता, ज्यावर अमेरिकेत 'आर'चा शिक्का आहे.

या यादीचे महत्त्व मोठे आहे. इशारा केवळ सांगतो की, येथे काय टाळावे. यादी सांगते की, येथे काय शोधावे. पहिल्याने मूल दारात थांबते. दुसऱ्याने ते योग्य वेळी, योग्य माणसाचा हात धरून आत जाते. 'शिंडलर्स लिस्ट' सात वर्षांच्या मुलाला दाखवू नये हे खरेच. पण सतरा वर्षांच्या मुलाने तो आईवडिलांसमवेत पाहावा आणि नंतर त्यावर घरात बोलणे व्हावे, हेही तितकेच खरे. ही दुसरी गोष्ट कोणतेही अक्षर सांगू शकत नाही. मग ते पडद्यावर कितीही सुंदर नाचत येवो.

हळहळ कशाची?

आज परिस्थिती पालटली आहे. 2021 च्या नियमांनी आंतरजालावरील चित्रपट-मालिकांना वयोगटाचा दर्जा आणि आशयाचे वर्णन देणे बंधनकारक केले; तेरा वर्षांपुढील दर्जाच्या आशयासाठी पालकांना कुलूप लावण्याची सोय ठेवणेही आवश्यक ठरविले. 2023 च्या कायदादुरुस्तीने चित्रपटगृहांसाठीही 'यूए'चे सात, तेरा आणि सोळा वर्षे असे तीन पोटभाग पाडले. इशारा म्हणून पाहिले तर ही जुन्या पाटीवर निश्चितच सुधारणा आहे. कूगर जे कधी सांगत नव्हता, ते कारण आता लहान अक्षरांत का होईना, पण लिहिलेले असते. ज्यांना जुने ते सारेच सोने वाटते, त्यांनी हे न्यायबुद्धीने मान्य केले पाहिजे.

मग हरवले काय? हरवला तो सामुदायिक क्षण. जुनी पाटी चारशे-पाचशे लोकांच्या समोर एकाच वेळी येत असे. तिने कोणाला अडविले नसेल. पण 'हे कोणासाठी आहे' हा प्रश्न ती चारचौघांत मोठ्याने विचारीत असे. तिच्याआधी तिकीटखिडकीवर एक माणूस होता, दारात डोअरकीपर होता, रांगेत ओळखीचे शेजारी होते. मुलाला अडविणारी खरी शक्ती पडद्यावरच्या पाटीत नव्हती. ती या माणसांत होती. आज तोच प्रश्न एका मुलाच्या हातातील फोनवर, बंद खोलीत, दोन-तीन सेकंद उमटतो आणि बोटाच्या स्पर्शासरशी नाहीसा होतो. इशारा अधिक शहाणा झाला, पण तो ऐकणारा एकटा पडला.

म्हणून या सूचनापटांविषयीच्या हळहळीची चेष्टा करू नये. मात्र तिची दिशा तपासून पाहावी. हे लहानसे चित्रपट जतन झाले पाहिजेत, कारण काही सेकंदांत ॲनिमेशन काय साधू शकते याचे ते उत्तम नमुने आहेत, आणि एका समाजाने आपल्या मुलांची काळजी कोणत्या भाषेत व्यक्त केली याचा तो पुरावाही आहे. परंतु मुलांचे रक्षण त्यांनी केले, असा समज करून घेणे योग्य नव्हे. 1972 साली अमेरिकेत आलेल्या 'पीजी' या दोन अक्षरांत आणि आपल्या 'यूए'मध्ये जे तत्त्व दडलेले आहे, म्हणजे पालकाची सोबत, तेच या साऱ्या इतिहासातून टिकण्याच्या योग्यतेचे उरते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1963 सालच्या 'इंतेर मिरीफिका' या आदेशपत्रात पालकांच्या या कर्तव्याचा स्पष्ट उल्लेख केला आहे.

हे कर्तव्य पार पाडण्यासाठी घरात कूगर पाळण्याची आवश्यकता नाही. चित्रपट लावण्यापूर्वी त्यावर दिलेले कारण वाचावे, मुलांनाही वाचू द्यावे, आणि पाहून झाल्यावर पाच मिनिटे त्यावर बोलावे. चित्रपटगृहातील पाटीला जे कधीच जमले नाही, ते एवढ्याने साधण्यासारखे आहे.